साडेसातचा दिवा

फोनमध्ये टुंग झालं तेव्हा मी बंगळूरला, मुलाच्या गॅलरीत, मटार सोलत बसलो होतो.

बार्शीच्या आमच्या दारावर अमेयनं बोटभर कॅमेरा बसवला होता. दारात कोणी आलं की तो माझ्या फोनला कळवायचा. त्या आठ दिवसांत त्यानं कळवलेली मंडळी म्हणजे पेपरवाला पोरगा, मीटर बघणारा आणि शेजारचं मांजर. त्यामुळे मी हात पुसून, सावकाश फोन उचलला.

दारात मंदा उभी होती. माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. अंगानं भरली होती, केस पांढरे झाले होते, पण पदर खांद्यावरून ओढून दंडाशी धरायची सवय तीच. हातात कापडी पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली. चित्राच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, सहा बावन्न.

तिनं बेल वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली. मग वाकून खिडकीच्या पडद्याच्या फटीतून आत बघायला लागली. आत दिवा चालू होता, रेडिओही चालू होता. घरात माणूस आहे असं तिला वाटणं साहजिक होतं. सगळी योजना त्यासाठीच होती.

त्याचं असं झालं, त्या साली दिवाळीत आमच्या कॉलनीतली दोन बंद घरं फुटली. अमेय आला होता, तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तीन आठवडे माझ्याकडे येणार, तेवढ्यात तुमचं तिसरं फुटायला नको." त्यानं चार स्मार्ट प्लग आणले. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा प्लग बसवायचा आणि त्याच्यात दिव्याची पिन. मग तो दिवा फोनवरून, जगात कुठूनही लावता येतो, घालवता येतो. नाहीतर वेळ ठरवून द्यायची, तो आपला आपण लागतो आणि विझतो. हॉलमध्ये एक उभा दिवा ठेवला, तो सहा ते साडेदहा. रेडिओ सहा ते आठ. स्वयंपाकघरात छोटा दिवा, देवघरात एक. शैलजाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिसेल ते बटण बंद करायची सवय आहे. त्यामुळे भिंतीवरच्या चारही बटणांवर अमेयनं चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, 'आई, हात लावू नये.'

मी टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. असल्या गोष्टी मला जेवणापेक्षा गोड. मंडईत उभा राहून मी लोकांना फोन दाखवायचो आणि म्हणायचो, बघा, आता आमच्या देवघरात दिवा लागला. लोक फोनकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला वळायचे.

तर मंदा खिडकीपाशी उभी होती आणि मी सातशे किलोमीटरवरून तिच्याकडे बघत होतो.

ती काय करायला आली होती हे मला पिशवीतल्या नारळावरूनच कळलं. तिच्या प्राजूचं लग्न ठरल्याचं कानावर आलं होतं. आमच्याकडे नवरीला मांडवात आणतो मामा, आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो मामा. ते आमंत्रण फोनवर देत नाहीत. नारळ आणि कुंकू घेऊन घरी यावं लागतं. नऊ वर्षांचा अबोला मोडायला तिला तेवढं निमित्त पुरलं असणार.

मला ते पुरलं नाही. आई गेली तेव्हाचं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आईचं शेवटचं दीड वर्ष मी केलं. साखर चारशेच्या खाली येत नव्हती, म्हणून गोड बंद. गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला. ती पुरणपोळी मागायची, मी नाही म्हणायचो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तासभर आम्ही सगळे नदीकाठी उन्हात उभे. मी नाही नाही ते सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी मंदा पुढे झाली. पिशवीतून डबा काढला, त्यातून पुरणाची पोळी काढली, पिंडाशेजारी ठेवली आणि साठसत्तर माणसांत म्हणाली, "कावळा कसा शिवंल? ह्यानं आईला घड्याळागत सांभाळलं. मानसागत न्हाई." कावळा लगेच आला. माणसं बोलली असती तर मी तोंड दिलं असतं, पण कावळ्याला काय उत्तर देणार? मी तसाच घरी आलो आणि त्यानंतर तिच्याशी बोललो नाही.

आता ती माझ्या दारात उभी होती. खिडकीच्या गजाला हात लावून ती काहीतरी म्हणाली. कॅमेऱ्यात आवाज येत नव्हता, पण ओठ दिसले. दादा म्हणाली.

फोनवर दिव्याचं एक चित्र असतं. दिवा चालू असला की पिवळं, बंद असला की करडं. मी त्याच्यावर अंगठा टेकवला.

खिडकीतून तिच्या गालावर पडलेला उजेड गेला. ती एकदम मागे सरकली. रेडिओ तर वाजतच असणार. ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग पिशवी खाली ठेवायला वाकली, पुन्हा उचलली आणि फाटक ओढून निघून गेली. दोन मिनिटांनी मी दिवा परत लावला. चोरांसाठी.

"कोण होतं हो?" आतून शैलजानं विचारलं.

"मांजर," मी म्हणालो आणि मटार सोलायला घेतले.

चार दिवसांनी दाजींचा फोन आला. भास्करराव, मंदाचे यजमान. शेळवाडीला त्यांची द्राक्षाची बाग आहे. गडी शांत, आवाज कधी चढायचा नाही. फोन शैलजाला केला होता, पण तिनं घाबरून स्पीकर लावला.

"वैनी, मी भांडायला फोन केला न्हाई," दाजी म्हणाले. "फकस्त इचारायचं हाय. मंदा तुमच्या दारात आलती. आत रेडिओ चालू, दिवा चालू. तिनं हाक मारली तर पाव्हण्यांनी दिवा घालवला. तोंडावर. रडत रडत मुक्कामाच्या गाडीनं घरला आली, दोन दिवस जेवली न्हाई."

शैलजानं माझ्याकडे पाहिलं. "अहो दाजी, आम्ही बंगळूरला आहोत. बारा दिवस झाले."

दाजी म्हणाले, "मग दिवा कुनी घालवला?"

मला वाटतं, माणसाचं खरं काय ते अशा वेळी कळतं. मला तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते. मी घालवला. पण मी म्हणालो, "टायमर आहे दाजी त्याला. दिवा आपला आपण बंद होतो."

"आपला आपन?"

"रोज. ठरलेल्या वेळेला. चोरांनी फसावं म्हणून."

"कितीला बंद होतो?" हे शैलजानं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं, तिच्यापुरते ते चार प्लग म्हणजे हात लावू नये एवढेच होते.

"साडेसात," मी म्हणालो. साडेसात का, तर वर्षानुवर्षं मी साडेसातच्या बातम्या बघत आलो, तीच वेळ तोंडात आली. मंदाच्या हातात घड्याळ कधी नसतं, हेही त्या क्षणी मनात आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"आणि कॅमेऱ्यात दिसल्या नाहीत वन्सं?" शैलजानं मला हळूच विचारलं.

"अंधारात काही कळत नाही त्यात." पहिलं खोटं जड गेलं होतं, दुसरं घसरत बाहेर आलं.

दाजी म्हणाले, "बघा, मी सांगतो तिला. पर ती काय म्हनती ते बी ऐकून ठिवा. प्राजूच्या मागं उभं ऱ्हायला माझ्या चुलतभावाला सांगू का म्हनलं. तर म्हनली, मामा जित्ता हाय तवर दुसरा कुनी उभा ऱ्हानार न्हाई. न्हाई आला तर जागा मोकळी ठिवा."

फोन बंद झाल्यावर मी गॅलरीत जाऊन बसलो. ती मोकळी जागा मला डोळ्यांसमोर दिसत होती. प्राजू चार वर्षांची असताना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या मांडीवर बसून प्रत्येक वायरचं नाव विचारायची. लाल वायरला लाल म्हटलं की तिला पटायचं नाही, वायरला बाईचं नाव हवं असायचं. मला शरम वाटली. तरी खरं सांगावं असं वाटलं नाही. टायमर खरा करून टाकावा असं वाटलं. फोन काढला आणि हॉलच्या दिव्याची वेळ साडेदहाची साडेसात केली. स्वयंपाकघरातला दिवा साडेसातला लागेल असं केलं, म्हणजे कोणी माणूस हॉलमधून उठून आत गेला असं दिसेल. काम चोख. तेहतीस वर्षांच्या नोकरीत इतकं चोख मी काही केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी शैलजानं मंदाला स्वतः फोन केला. "वन्सं, देवाशप्पथ, आम्ही घरात नव्हतो. साडेसातला तो दिवा रोजच जातो हो."

मंदा म्हणाली म्हणे, "साडेसातला का? बरं. मी येती. डोळ्यानं बघीन, मग बोलू."

आम्ही ठरल्यापेक्षा पाच दिवस आधी परतलो. लग्नाला नऊ दिवस उरले होते. मंगळवारी संध्याकाळी दाजी जीप घेऊन आले, शेजारी मंदा. ती फाटकातून आत आली ती माझ्याकडे न बघता.

"या वन्सं, आत या," शैलजा म्हणाली.

"आत न्हाई. हितंच बसती."

ती पायरीवर बसली. शैलजा भलतीच पेटली होती. तिला वाटत होतं आपल्यावर आळ आलाय आणि तो धुऊन काढायचाय. "थांबा," ती म्हणाली, "घराला कुलूपच लावते. नाहीतर म्हणाल आत कोणी बसवलंय." तिनं खरंच कुलूप लावलं आणि किल्ली मंदाच्या हातात दिली. मग आम्ही चौघं आमच्याच दारात, परक्यासारखे, ओळीनं पायरीवर बसलो. आत दिवा चालू होता. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालला होता, दाजी मन लावून ऐकायला लागले.

"ह्यो फोन काय करतो?" मंदानं पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं.

"फोनवरूनही घालवता येतो," मी म्हणालो.

"मग तो हिकडं दे."

मी दिला. तिनं तो मांडीवर ठेवून वर पदर टाकला.

सात वीस झाले. शेजारच्या गुंडबाई कचरा टाकायच्या निमित्तानं दोनदा फाटकाशी येऊन गेल्या. आम्ही कुलपाबाहेर का बसलोय हे विचारायची त्यांना फार इच्छा होती, पण आमचे चेहरे बघून त्यांनी आवरलं. सात अठ्ठावीस. मी रुमाल काढून मान पुसली. डिसेंबरची थंडी होती.

"गरम होतंय का पाव्हणं?" दाजी म्हणाले.

माझ्या घड्याळात साडेसात झाले. दिवा चालूच होता.

शैलजा खिडकीकडे बघत होती, मंदा माझ्याकडे. मी माझ्या चपलेकडे. वायफाय गेलं असेल, प्लग लटकला असेल, शैलजानं घर झाडताना चिकटपट्टी काढून बटणाशी काही केलं असेल. खोट्याच्या कपाळी गोटा, तो आता बसणार. आणि एकाएकी मला बरंच वाटायला लागलं. बसू दे, सांगून टाकावं. मी तोंड उघडलं. "मंदे," म्हणालो.

दिवा गेला.

आत स्वयंपाकघरात दुसरा लागला. रेडिओवर कोणीतरी कांद्याच्या रोपांबद्दल बोलत राहिलं.

"बघितलंत?" शैलजा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "बघितलंत ना वन्सं?"

मंदा खिडकीकडे बघत होती. खूप वेळ बघत होती. मग तिनं पदराखालून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काय म्हनत हुतास?"

"काही नाही."

"काही न्हाई का? बरं."

तिनं जीपमधून पिशवी आणली. पायरीवरच शैलजाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. पत्रिका माझ्या हातात दिली, तिच्यावर हळदीचं बोट होतं. "मामानं आदल्या दिवशी यायचं," ती म्हणाली. "यळंवर. तुझं घड्याळ चांगलं चालतं."

लग्न झालं. मी प्राजूला मांडवात आणलं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्यामागे उभा राहिलो. पंगतीत मंदानं दिव्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. आमच्या दादाचं घर असं शानं हाय, मालक नसला तरी पाव्हण्याला घालवतं. माणसं पोट धरून हसली. पुढेही प्रत्येक कार्यात तिनं ती गोष्ट सांगितली, बारशाला, वास्तुशांतीला, आणि दर वेळी ती रंगत गेली. मी दर वेळी हसलो.

एकच अडचण झाली. साडेसातची वेळ मला काढता येईना. मंदा आता महिन्या-दोन महिन्यांनी यायची, एखादी रात्र राहायची. ती आली आणि साडेसातला दिवा गेला नाही, तर? म्हणून रोज संध्याकाळी साडेसातला आमच्या हॉलमध्ये अंधार व्हायचा. शैलजा म्हणायची, "अहो, चोरांसाठी होतं ना ते? आता आपण घरात आहोत." मी म्हणायचो, राहू दे, शिस्त लागते. ती चडफडत उठून ट्यूब लावायची. अशी सहा वर्षं गेली.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. मंदा सकाळी आली होती, तिला संध्याकाळी परत जायचं होतं. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. शेळवाडीला रात्री मुक्कामाला जाणारी गाडी लागली होती. आमचं जुनं गावही त्याच रस्त्यावर. कॉलेजची तीन वर्षं मी त्याच गाडीनं घरी गेलो आहे. मंदा चढली, खिडकीशी बसली आणि गजातून हात बाहेर काढून म्हणाली, "दादा, ही गाडी कितीला सुटती रं?"

"सव्वासात," मी म्हणालो. "आपल्या लहानपणापासून तीच वेळ आहे."

"त्या दिवशी बी मी हीच धरली हुती."

मला कळायला उशीर लागला. पण लागला तो अर्धा मिनिटच.

"साडेसातला मी जकात नाक्याच्या पुढं हुते दादा. रडत हुते. ध्यानात हाय मला."

गाडीत माणसं चढत होती. कोणाचं तरी पोतं माझ्या पायाला घासून वर गेलं. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"वैनी फोनवर साडेसात म्हनल्या, तवाच."

"मग पायरीवर येऊन कशाला बसलीस?"

"तू काय करतोस ते बघाया." ती हसली. पदर ओढून दंडाशी धरला. "म्हनलं, खोटं बोललाय, आता हात झटकून बसंल. तर तू हिकडं आलास की. कुलूप लावू दिलंस, फोन दिलास, थंडीत घाम पुसलास. दिवा जाईना तर तुझं तोंड बघवंना. कुनापुढं मान न वाकवनारा मानूस, माझ्यासाठी दिव्याला शिकवून बसला. तवा म्हनलं, बास झालं. आनखी काय पायजे?"

कंडक्टरनं दोरी ओढली.

"मंदे, तो दिवा मी—"

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी बी कावळ्यापुढं बोलायला नको हुतं. पोळी मी घरात बी देऊ शकले असते तिला, तुझ्या माघारी. मी बी दिली न्हाईच की. आन् ऐक, आता ते साडेसातचं काढ. माझी मालिका रंगात येती आन् तू अंधार करतोस."

गाडी गेली. मी चालत घरी आलो. फाटक उघडून दारापाशी पोचलो आणि आतला दिवा गेला.

खिशात फोन टुंग वाजला. दारात कोणीतरी आलं होतं. मी काढून पाहिलं तर अंधारात एक म्हातारा उभा होता, मंदा उभी होती त्याच फरशीवर. चित्राखाली करडा दिवा होता. मी त्याच्यावर अंगठा टेकवला. खिडकीतून माझ्या अंगावर उजेड आला, तेव्हा बेल वाजवली.